बिनगव्हाचा पाव

"मैडम, आज से गेहूँ बंद," डॉक्टर म्हणाले.

मी विचारलं, "कब तक?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "जब तक आप हैं, तब तक।"

रायपूरला शंकर नगरच्या त्या दवाखान्यात बाहेर खूप गर्दी होती, म्हणून त्यांनी मला पाच-सात मिनिटांत सगळं समजावलं. आजाराचं नाव सिलिअ‍ॅक डिसीज. गहू, जव यांच्यात ग्लुटेन नावाचं एक चिवट प्रथिन असतं. कणकेला ओढ येते ती त्याच्यामुळे. काहींच्या शरीराला ते शत्रू वाटतं आणि शरीर त्याच्याशी लढता लढता आपल्याच आतड्याचं अस्तर झिजवून टाकतं. मग खाल्लेलं अंगी लागत नाही. याला गोळी नाही, इंजेक्शन नाही. गहू न खाणं हेच औषध.

शिवाय दूधही बंद. त्याचं नाव सेकंडरी लॅक्टोज इनटॉलरन्स, म्हणजे आतडं दुखावल्यामुळे दूध पचवण्याची ताकद गेलेली. पुढे कधीतरी परत येईल म्हणाले. माझी आली नाही. अंडं तर आमच्या घरात कधी शिरलंच नव्हतं. म्हणजे गहू नाही, दूध-दही-तूप नाही, अंडं नाही. असं जेवण जगात काही लोक हौसेनं जेवतात, हे मला फार पुढे कळलं. मी हौसेनं जेवत नव्हते.

तुमच्यापैकी कोणाच्या हातात असा रिपोर्ट नुकताच पडला असेल, तर हे तुमच्यासाठी लिहितेय. मला तेव्हा सांगणारं कोणी नव्हतं.

छत्तीसगड राज्य तेव्हा नवं नवं होतं. मी एका सरकारी खात्यात होते आणि आमचं मंत्रालय एका जुन्या इस्पितळाच्या इमारतीत थाटलं होतं. त्यामुळे आजाराआधीच माझं रोजचं जाणं-येणं इस्पितळात होतं असं मी गमतीनं म्हणायची. त्या इमारतीचे जिने चढताना मला धाप लागू लागली, तिथून हे सगळं सुरू झालं.

मग तोंड येणं, पोट बिघडणं, केस गळणं. हिमोग्लोबिन, म्हणजे रक्तातलं लोहयुक्त, प्राणवायू वाहणारं द्रव्य, कमी कमी होत गेलं. लोहाच्या गोळ्या पोटातून जशाच्या तशा निघून जात असाव्यात. एका डॉक्टरांनी जंत म्हटलं, दुसऱ्यांनी आमांश, तिसऱ्यांनी टेन्शन. "घर में कोई परेशानी?" असं त्यांनी विचारलं. माझे यजमान रेल्वेत, बिलासपूरला. रविवारी घरी येत. मुलगी नागपूरला होस्टेलवर. ब्राह्मणपाऱ्यातल्या घरात मी आणि माझ्या सासूबाई. परेशानी सांगण्यासारखी नव्हती.

शेवटी या चौथ्या डॉक्टरांनी टीटीजी करायला सांगितली. ही रक्ताची तपासणी असते. शरीर गव्हाशी किती लढतंय ते त्यातून कळतं. आकडा भलताच चढलेला निघाला. मग एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून नळी घालून आतडं बघणं, आणि बायोप्सी, म्हणजे तिथला कणभर तुकडा काढून तपासणं. नळीला घाबरू नका. घसा बधिर करतात, ओकारी येते, डोळ्यांतून पाणी येतं आणि संपतं. वाट बघणं त्याहून वाईट. त्या दिवशी सासूबाई बाकावर मांडी घालून बसल्या होत्या, मांडीवर माझी पर्स घट्ट धरून. मी बाहेर आले तेव्हा म्हणाल्या, "झालं, शुभा? चाल. तोंड कोरडं पडलं असन तुहं."

सासूबाईंबद्दल सांगायला हवं. आमचं हे घराणं भोसल्यांच्या काळापासून रायपूरचं. मी अमरावतीची, लग्न होऊन आलेली. सासूबाई सत्तरी ओलांडलेल्या, पण कणखर. खोट्याचा त्यांना मनस्वी तिटकारा. बसच्या कंडक्टरला त्यांनी नातीचं वय कधी एक वर्षानंही कमी सांगितलं नाही. उलट पोरगी ठेंगणी दिसायची तर स्वतःहून पूर्ण तिकीट मागायच्या. अशा बाईबरोबर राहणं सोपं नसतं, पण घरात भांडण क्वचितच व्हायचं. कारण भांडायला दोन बाजू लागतात.

आजाराचं नाव कळल्यावर मी घर पालथं घातलं. मला चोखंदळपणा अंगचाच आहे, आता त्याला कारण मिळालं. रवा, मैदा, शेवया बाहेर. सासूबाईंची कणीक वेगळ्या डब्यात, वेगळं पोळपाट-लाटणं, मागच्या पडवीत त्यांच्यापुरती वेगळी शेगडी. एक गोष्ट लक्षात ठेवा: बाजारच्या हिंगाच्या पुडीत बहुतेक वेळा मैदा मिसळलेला असतो. मी हिंग सोडला. बिनहिंगाच्या वरणाला आमच्याकडे वरण म्हणत नाहीत, पण मी खाल्लं. चक्कीवर गव्हानंतर दळलेली ज्वारी चालत नाही, म्हणून घरघंटी घेतली. गावात भात आहे, तांदळाच्या पिठाचा चीला आहे, फरा आहे. रायपूर म्हणजे तांदळाचं गाव. उपाशी मरायची वेळ नव्हती.

मरत होते ती दुसऱ्याच गोष्टीनं. ऑफिसात दुपारी आम्ही सगळ्या बायका डबे मधे ठेवून जेवायचो. आता माझा डबा माझ्यापुरता आणि त्यांच्यातला एक चमचाही मला नको. "दीदी, एक टुकड़े से क्या होगा?" रोज कोणीतरी म्हणायचं. प्रेमानंच. काही दिवस मी समजावलं, मग उपवास आहे म्हणू लागले, मग टेबलाशीच जेवू लागले. कोणी थांबवलं नाही. मला वाटलं होतं थांबवतील.

घरीही सासूबाई पडवीत पोळी खात, मी स्वयंपाकघरात भाकरी. मधे एक दार. एका माणसाचा स्वयंपाक करून एकट्यानं तो संपवणं याच्याइतकं रिकामं काम मी दुसरं केलेलं नाही. आणि संध्याकाळी कोरा चहा, त्यात बुडवायला काही नाही. हसू नका, पण मला सगळ्यात जास्त रडू आलं ते चहाच्या वेळी.

म्हणून मी पाव करायचं ठरवलं.

इंटरनेट कॅफेत जाऊन परदेशी बायकांच्या कृती वाचल्या. त्यात गव्हाची चिकटाई भरून काढायला एक परदेशी गम घालायला सांगत. गोल बाजारात मी दोन-चार दुकानांत विचारलं. एका भैयानं गंभीर चेहऱ्यानं डिंकाची पुडी दिली, बाळंतिणीच्या लाडवाचा. मी तो घातला. जे तयार झालं त्यानं खिळा ठोकता आला असता.

ओव्हन म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा तो गोल, काचेच्या झाकणाचा. ज्वारीचं पीठ, तांदळाचं पीठ, उकडलेला बटाटा, फुगायला यीस्ट. अंड्याऐवजी जवसाची पूड पाण्यात भिजवून. ती अंड्यासारखी बुळबुळीत होते. दुधाऐवजी नारळाचं दूध. चिकटाईला काय घालावं हे सुचत नव्हतं, आणि एकदा औषधाच्या फळीवर इसबगोलाची डबी दिसली. पोट साफ व्हायला आपण रात्री घेतो ते. पाण्यात घातलं की कसं गोळा होऊन बसतं. मी ते कोमट पाण्यात भिजवून पिठात घातलं.

पहिला पाव बसला. दुसरा बसला. मग हळूहळू बसेनासे झाले. श्रावणाच्या सुमाराला माझा पाव चक्क फुगला, कापताना भुगा झाला नाही. भाकरीलाही चिरा पडेनाशा झाल्या. मी अभिमानानं सासूबाईंना दाखवलं. त्यांनी पाव बोटानं दाबून बघितला आणि म्हणाल्या, "देवीची कृपा होय." मी मनात म्हटलं, इसबगोलाची आहे.

तब्येत मात्र सुधारत नव्हती. आधी थोडी सुधारली होती, मग परत घसरली. वजन उतरत होतं. मी ब्लाउज आत घेऊन घेऊन थकले. सासूबाईंनी देवीला बोलून ठेवलं होतं, म्हणून दर शुक्रवारी ऑफिसमधून येताना मी देवळात देवीची ओटी भरत असे. पुजारी त्यातलेच पसाभर गहू आणि हळदीकुंकू माझ्या पदरात परत घाली. नात्यात कुठे गेले की आजारी सून म्हणून बायका हमखास ओटी भरत. घरी येऊन मी पदर देवापुढच्या ताटलीत रिकामा करायची, हात धुवायची. पुढचं सासूबाई बघत. गव्हाला हात लावल्यानं काही होत नाही, पोटात जायला नको, हे डॉक्टरांनी सांगितलंच होतं.

सहा महिन्यांनी परत टीटीजी केली. आकडा उतरायला हवा होता. तो चढला होता.

डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला. "मैडम, सच बताइए। कहीं न कहीं आप खा रही हैं।"

"नहीं," मी म्हणाले.

"सब यही कहते हैं," ते म्हणाले. रागानं नाही, कंटाळून. मग म्हणाले की खरोखरच खात नसाल तर हा रिफ्रॅक्टरी प्रकार असू शकतो, म्हणजे पथ्यालाही दाद न देणारा. त्यात पुन्हा एंडोस्कोपी, स्टेरॉइड, आणि आतड्यात याहून वाईट काही नाही ना याची तपासणी. "महीने भर और कीजिए। ईमानदारी से।"

तो शेवटचा शब्द माझ्याबरोबर घरी आला.

रविवारी यजमान आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, जरा वेळ पंख्याकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाले, "एखादवेळी खाल्लं असशील तर सांग ना. मी काही रागावून नाही राहिलो."

लग्नाला इतकी वर्षं झाली होती. मी उठून ओव्हन पुसायला लागले. दुसरं काय करणार? आजारानं माणूस एकटं पडतंच. पण आपल्यावर कोणाचा विश्वास उरला नाही की आजारालासुद्धा आपण एकट्यानंच भेटतो. मी मरणाला भीत होते, हे इथे लिहून टाकते. पण त्याहून भीत होते ती, मेल्यावरही सगळे म्हणतील की हिनं लपून खाल्लं.

त्यानंतरच्या शनिवारी सासूबाईंना ताप होता. एरवी ज्वारी निवडून घरघंटीत घालणं त्यांचं काम. त्या दिवशी मी केलं. डब्यातली ज्वारी परातीत ओतली आणि उजेडात खडे बघायला बसले. गोल पांढऱ्या दाण्यांत लांबट दाणे. एक, दोन, मग बोट फिरवीन तिथे. गहू.

पहिल्यांदा दुकानदाराला शिव्या दिल्या. मग एक दाणा उचलला तर त्याच्या पोटाच्या चिरेत लाल होतं. दुसऱ्याला पिवळं. कुंकू आणि हळद.

मी परात उचलून सासूबाईंच्या खोलीत गेले. "आई, ज्वारीत गहू कसे आले?"

"मीच टाकले," त्या म्हणाल्या. लपवण्यासारखं काही असतं तरी त्यांनी लपवलं नसतं. "ओटीचे होय ते."

"मले गहू चालत नाही ना."

"ते गहू थोडीच होय. तुही ओटी होय. ओटी कोणाले देत नाही, फेकत नाही. जिची तिच्याच पोटात जाले पाह्यजे. नाहीतर गुण कसा येईन तुले?"

त्यांच्या दृष्टीनं त्यात एका शब्दाचीही चूक नव्हती. पूर्वी ओटीचे गहू घरच्या गव्हात जात. आता माझ्या पोटात ज्वारी जाते, तर ओटीही ज्वारीतच जाणार. आणि मी जितकी जास्त आजारी, तितक्या ओट्या जास्त. माझा पाव काहून फुगला, भाकरी काहून चिरली नाही, ते मला त्या परातीपाशी उभ्या उभ्या कळलं. माझ्या हातचं जे सगळ्यात चांगलं उतरलं होतं तेच मला खात होतं.

मला हसू यायला हवं होतं. मी म्हणाले, "तुमच्या आशीर्वादानंच मी मरून राहिली, आई."

त्या पांघरूण ओढून भिंतीकडे वळल्या.

ती ज्वारी मी गाईला घातली. घरघंटी खोलून ब्रशनं घासली, डबे उकळत्या पाण्यानं धुतले, तवा नि ओव्हनचा साचा दोन्ही नवे आणले. आणि पाव परत बसला. दाट, खालून ओलसर, वरून भेगाळलेला. आता तो माझा खरा पाव होता. काही दिवसांनी जरा बरा होऊ लागला, पण त्या श्रावणातल्या पावाची सर त्याला आजतागायत आलेली नाही. करणाऱ्यांसाठी एवढं सांगते: इसबगोल भिजल्यावर लापशीसारखं घट्ट होऊ द्या, आणि पाव पूर्ण गार झाल्याशिवाय कापू नका. घाई केली की आत चिकट राहतो.

ताप उतरल्यावर सासूबाई स्वयंपाकघरात आल्याच नाहीत. दारापाशी उभ्या राहून काय हवं ते मागायच्या. उंबरा ओलांडायच्या नाहीत, माझ्या डब्यांना हात लावायच्या नाहीत. ओटीचं तर नावच काढलं नाही. शुक्रवारी देवळात जा असंही म्हणाल्या नाहीत. आधी दोन खोल्यांत जेवणाऱ्या आम्ही दोघी आता बोलायच्याही बंद झालो. मी माफी मागितली नाही. आमच्या घरात माफी मागायची पद्धत नाही, काहीतरी गोड करून पुढे ठेवायची पद्धत आहे. मी पिकलेल्या केळ्यांचा, नारळाच्या दुधाचा केक करून त्यांच्या खोलीत नेऊन ठेवला. संध्याकाळी तो तसाच झाकलेला होता. "तुह्यासाठी होय ना तो," त्या म्हणाल्या. "मी हात लावला अन् काही झालं तर?"

पुढच्या तपासणीत आकडा उतरला. त्याच्या पुढच्या वेळी अजून उतरला. डॉक्टरांना मी ओटीची गोष्ट सांगितली तेव्हा ते खुर्चीत मागे रेलले. "ये तो किसी किताब में नहीं मिलेगा," म्हणाले, आणि मग, "मैडम, मैंने आप पर शक किया। माफ़ कीजिए।" इतक्या सरळपणे माझी माफी मागणारा तो पहिला माणूस. मी दारापर्यंत गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "अम्माजी को डाँटा तो नहीं?"

मी म्हटलं, ऑटो थांबलाय.

जिने आता मी न थांबता चढत होते. केस परत येत होते. पण बरं होणं ही गोष्ट साजरी करायलाही कोणीतरी ताटावर लागतं, आणि ते कोणी नव्हतं.

हिवाळ्यात सासूबाईंच्या भाच्याच्या मुलीचं लग्न निघालं, रायपुरातच, एका मंगल कार्यालयात. मी डबा घेतला: ज्वारी-तांदळाच्या पावाचे काप, जवसाची चटणी, वाटाण्याची कोरडी उसळ. लग्नात माझी पद्धत ठरलेली. पंगत बसली की मी कुठली तरी कोपऱ्यातली खोली शोधायची, दार लोटायचं, चटकन जेवून हात धुवून परत यायचं. कोणी विचारलं तर उपवास. माझे इतके उपवास बघून नात्यात मला फार धार्मिक समजू लागले होते.

त्या दिवशी सामानाच्या खोलीत, गाद्यांच्या ढिगाशेजारी मी डबा उघडला. बाहेर पंगत बसल्याचा आवाज, वाढप्यांची धावपळ, तळणीतल्या पुऱ्यांचा वास. सासूबाईंना लग्नातली पुरी आणि जिलेबी-मठ्ठा फार प्रिय. आदल्या दिवसापासून त्या त्याच आनंदात होत्या.

दार ढकललं गेलं. सासूबाई होत्या. एक हात भिंतीला लावत आल्या आणि माझ्यासमोर गादीवर बसल्या. त्यांच्या मागोमाग भाच्याची बायको धावत आली.

"आत्याबाई, पान वाढलं ना तुमचं. उठून काहून आल्या?"

"मले नाही चालत," सासूबाई म्हणाल्या.

"काय नाही चालत?"

"गहू. दूध. मलेही तोच आजार होय, शुभाचा. डाक्टरनं सांगतलं."

त्यांच्या चेहऱ्यावर रेष हलली नव्हती. भाच्याची बायको घाबरली. "अगं बाई, दोघींनाही? कधीपासून?"

"झाले आता दिवस," सासूबाई म्हणाल्या. "तू जाय. लोकं बसले हायेत."

ती गेली. बाहेर जिलेबी आल्याचा गलका झाला. सासूबाईंनी माझ्यापुढे हात पसरला. मी पावाचा काप दिला, तो मधेच मोडला. त्यांनी दोन्ही तुकडे घेतले, चटणीला लावले आणि खाल्ले. डावीकडचे दात नसल्यानं त्यांना फार वेळ चावावं लागत होतं. मी दुसरा काप घेतला. डबा एका माणसापुरता होता. दोघींनी मिळून तो सावकाश संपवला.

वाचणाऱ्यांसाठी स्पष्ट सांगते: हा आजार संसर्गाचा नाही, कोणाकडून कोणाला लागत नाही. पण आमच्या नात्यागोत्यात त्या लग्नापासून अशी बातमी आहे की तो सुनेकडून सासूला लागतो. मी ती कधीच खोडली नाही.